पाखर की पाभर

मी आप्पांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मेलेले होते.

हसू नका, खरं सांगतोय. वाईजवळच्या एका खेड्यात मालिकेचं शूटिंग चाललं होतं आणि मी त्यात इन्स्पेक्टर होतो. माझ्या मिशा आणि माझं पोट बघून साताऱ्याच्या आसपास कुठलीही मालिका उतरली की खाकी कपडे माझ्याच अंगावर चढतात. आजवर मी एकही चोर पकडलेला नाही. ते काम हिरोचं. मी फक्त जीपमधून उतरतो, टोपी सारखी करतो आणि विचारतो, "बॉडी पहिल्यांदा कुणी पाहिली?"

त्या दिवशीची बॉडी आप्पा. अंगणात घोंगड्यावर आडवे, नाकात कापूस, कपाळाला गुलाल, चेहऱ्यावर अशी शांती की खऱ्या मेलेल्यांनी येऊन शिकावं. बायका रडत होत्या. कोपऱ्यात गावातलीच भजनी मंडळी टाळ वाजवत होती. मी जीपमधून उतरतोय तोच दिग्दर्शक ओरडला, "कट! बॉडीचा अंगठा हलतोय!"

सगळे बॉडीकडे वळले. बॉडीने एक डोळा उघडला.

"आप्पा, तुम्ही मेलाय ना?" दिग्दर्शक रडकुंडीला आला होता. पोरगेलासा माणूस, मुंबईचा.

"मेलोय की."

"मग पाय का हलतोय?"

"आवं, टाळ वाजतोय तिकडं. अंगठा काय माझ्या ऐकण्यात हाय व्हय?"

तीनदा घेतलं, तीनदा अंगठा हलला. शेवटी आप्पांनीच पडल्या पडल्या तोड काढली. "साहेब, अंगठं बांधा की. खऱ्या मढ्याचं बी बांधत्यातच." दिग्दर्शकाने आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या. मग सुतळी आणून दोन्ही अंगठे रीतसर बांधले, पुन्हा टाळ सुरू झाले, मी पुन्हा जीपमधून उतरलो, आणि आप्पांच्या गळ्याची घाटी ठेक्यावर वरखाली व्हायला लागली.

"आता हितं काय बांधनार?" डोळे मिटूनच आप्पा म्हणाले.

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. मी पोलीस, ते प्रेत. बरेचदा ते आधी मरून ठेवायचे आणि मी मागाहून पोचायचो. मला ते नावाने हाक मारायचे नाहीत. चहाच्या टपरीवरसुद्धा, चार लोकांत, "काय इन्स्पेक्टर, कुनी मेलं का आज?" असं मोठ्याने विचारायचे आणि लोक दचकून माझ्याकडे बघायचे.

आप्पा मूळचे जत भागातले. तिकडे झाडापेक्षा आभाळ जास्त. मैलोन् मैल सपाट माळ, मेंढरं, कोरडवाहू ज्वारी आणि रस्त्यावर पाण्याचे टँकर. त्या माळावर गायली जाणारी झाडून सगळी गाणी आप्पांच्या पोटात होती. पेरणीची, काढणीची, मळणीची, मोटेची, मेंढरं वळायची. तरुणपणी ते तमाशाच्या फडात शिरले आणि राजाचं काम करू लागले. फड बसला, मालिका आल्या. मी एकदा विचारलं, "आप्पा, राजाचं काम करणारा माणूस तुम्ही, मढ्याचं काम करताना कसंतरी वाटत नाही?"

"कशाला वाटंल? राजाला उभं ऱ्हावं लागायचं."

साताऱ्यात पिठाच्या गिरणीमागे त्यांची एक खोली होती. खोलीत कॉट नाही, खुर्ची नाही. पण विळा, सूप, घुंगराची काठी, मोटेचा जाडजूड नाडा असलं सामान भिंतीवर देवासारखं टांगलेलं. कारण आप्पांचा एक नियम होता. ज्या कामाचं गाणं, ते काम हातात असल्याशिवाय ते तोंड उघडत नसत. काढणीचं गाणं म्हणा म्हटलं की विळा मागायचे. विळा दिला की म्हणायचे, "कापायचं काय? तुमची दाढी?" एका कॉलेजने त्यांना सन्मानाने बोलावलं, शाल घातली, माईकसमोर उभं केलं आणि मळणीच्या गाण्याची फर्माईश केली. आप्पांनी खराटा मागवला आणि आख्खं स्टेज खळ्यासारखं झाडून काढलं. गात गात. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या अंगावर सगळी धूळ. प्राचार्य शिंकत होते आणि आप्पा त्यांना प्रेमाने सांगत होते, "वाऱ्याच्या खाली बसू नये, साहेब. भुसकाट येतंय."

पण कळस झाला शिरवळला. तिथल्या एका कारखान्यात स्नेहसंमेलन होतं आणि आप्पांना मोटेचं गाणं म्हणायला बोलावलं होतं. मोट म्हणजे विहिरीतून बैलांनी पाणी ओढायचं चामड्याचं भलंमोठं पोतं. आता शिरवळच्या कारखान्यात मोट कुठून आणणार? आप्पांनी आपला नाडा बरोबर नेला होता. त्याला त्यांनी पाण्याने भरलेलं पिंप बांधलं आणि माईकवरून जाहीर केलं, "दोन बैल पायजेत."

कामगारांनी एका आवाजात आपल्या दोन साहेबांची नावं पुकारली.

काय सांगू तुम्हाला तो सोहळा! दोन साहेब, त्यातल्या एकाच्या गळ्यात टाय, खांद्यावर नाडा घेऊन पिंप ओढताहेत. मागे आप्पा, डोक्याला मुंडासं, एक हात कानावर. आणि तो आवाज. मी खूप गाणी ऐकली आहेत. पण तो आवाज कानात शिरत नव्हता, तो पायाखालून वर येत होता. पोरं बाकांवर उभी राहिली. पत्र्याची शेड टाळ्यांनी दणाणली. टायवाले साहेब घामाने निथळत हसत होते.

"उजवं खोंड गुणाचं हाय," आप्पा माईकवर म्हणाले, "पर बसून बसून लय सुस्तावलंय."

परतताना मी गाडीत म्हणालो, "आप्पा, काय टाळ्या पडल्या हो!"

"टाळ्यांचं काय घेऊन बसलास, गड्या? पाऊस पडला तर पत्रा बी वाजतोय." मग गंभीर होऊन म्हणाले, "गानं मानसासाठी नसतंयच मुळी. बैलासाठी असतंय. बैलानं कान हलवला तर गानं झालं, न्हाईतर नुसतीच वरड. मी त्या सायबांचं कान बगत व्हतो."

"मग?"

"लाल झालं. पर हाललं न्हाईत."

असा माणूस. माळावरचं कुठलंही गाणं मागा, अवजार द्या आणि मागे सरका. फक्त एक सोडून. पेरणीचं गाणं ते कधी म्हणत नसत. कुणी फारच आग्रह केला तर एवढंच म्हणायचे, "त्ये माजं निम्मंच हाय." लोकांना वाटायचं, म्हातारा भाव खातोय.

त्या निम्म्याची गोष्ट मला कळली ती जेवणाच्या सुट्टीत. आप्पा सकाळीच मेले होते आणि कपाळावरच्या गुलालासकट माझ्या शेजारी भाकरी खात बसले होते. मी खाकीत. खाता खाता ते काहीतरी पुटपुटायचे, थांबायचे, पुन्हा पुटपुटायचे. घास हातातच राहिला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले,

"इन्स्पेक्टर, एक हरवल्याची तक्रार लिवून घ्या."

मीही रंगात. खिशातलं खोटं पेन काढलं. "काय हरवलं?"

"वळ. गान्याची दुसरी वळ."

मी हसलो. ते हसले नाहीत. ते हसले नाहीत म्हटल्यावर मी पेन खिशात ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. ते पेरणीचं गाणं त्यांच्या वडलांचं. म्हणायचं दोघांनी. आप्पा आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. प्रत्येक कडव्याची पहिली ओळ आप्पांची, दुसरी अक्काची, आणि पहिल्या ओळीची शेपटी दोघांनी एकदम म्हणायची. पहिलंच कडवं असं होतं:

माळाच्या माथ्याला आली बापाची पाखर,
लेकीच्या मुठीत उद्याची भाकर.

वर्षानुवर्षं बहीणभावंडांनी हे म्हटलं. गावच्या प्रत्येक पेरणीला म्हटलं. मग टेपरेकॉर्डरच्या जमान्यात कुणी एक हौशी माणूस गाणी गोळा करत त्यांच्या गावात आला. दोघांना सावलीला बसवलं, गाणं भरून घेतलं आणि कौतुकाने त्यांनाच ऐकवलं. तोपर्यंत त्या दोघांनी आपलं गाणं कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं.

टेपमधून आप्पांचा आवाज आला, 'आली बापाची पाखर'. आणि त्याच जागी, त्याच सुरात, अक्काचा आवाज आला, 'आली बापाची पाभर'.

पाखर म्हणजे सावली, मायेचं पांघरूण. पाभर म्हणजे पेरायचं अवजार. दोघं एवढी वर्षं एकाच ठिकाणी दोन शब्द म्हणत होती आणि बैलांच्या घुंगरांत, अवजाराच्या करकरीत ते कुणालाच कळलं नव्हतं!

"मी म्हनलं, अक्का, तू चुकलीस. ती म्हनली, तू चुकलास. मी म्हनलं, आगं, पाखर-भाकर जुळतंय बग की. तर म्हनती कशी, 'गानं काय जुळवायला असतंय व्हय रं? पेरायला असतंय.' त्यो टेपवाला मदी पडला, तर दोगांनी बी त्येलाच हाकलला." आप्पांनी भाकरी खाली ठेवली. "मग तिनं म्हनू न्हाई त्ये म्हनलं. 'तुला बापच कळला न्हाई.' मी त्याच पावली भाईर पडलो, त्यो फडात गेलो."

"आणि तेव्हापासून?"

"ती बी बोलली न्हाई, मी बी बोललो न्हाई. पर गानं डोक्यात व्हतं, तिच्या वळीसकट. आता त्या वळी चालल्यात, इन्स्पेक्टर. आदी मदल्या कडव्याची गेली. मग तिसऱ्याची. आज सकाळी मेल्यावर निवांत आठवत पडलो, तर पहिलं कडवं सोडून तिची एक बी वळ हाताला लागंना. तिच्या तोंडातनं ती पुन्ना आली न्हाई, तर बापाचं गानं माज्यात मेलं. आन् माजा अंगठा बी हालायचा न्हाई त्येला."

मी त्यांना तिथेच म्हणालो, उठा, जाऊ जतला. ते म्हणाले, मेलो तरी जाणार नाही. आणि लगेच मरायला गेले, कारण दिग्दर्शकाने हाक मारली होती.

आता माणूस सरळ येत नसेल तर काय करायचं? मी खोटा पोलीस आहे, पण नाटकी माणूस खरा आहे. दसरा उलटल्यावर एका सकाळी गिरणीमागच्या खोलीवर जाऊन मी बातमी दिली, "आप्पा, शूटिंग आहे. लांब आहे, पण काम जिवंत माणसाचं आहे."

"जित्या मानसाचं?" त्यांचे डोळे लकाकले. "डायलॉग?"

"भरपूर. समोर एक बाई आहे, तिच्याशी कडाक्याचं भांडण आहे."

त्यांनी नवं मुंडासं बांधलं. त्यांना खरं वाटावं म्हणून मीही खाकी आणि टोपी चढवली होती. औंधला त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरून डोंगरावरच्या यमाईला खालूनच हात जोडले आणि काही पुटपुटले. पुढे विट्यापर्यंत ते राजाचे जुने संवाद म्हणत आले. ऊस मागे पडला, झाडं विरळ झाली, आभाळ वाढायला लागलं. जत जवळ आलं तसे राजाचे संवाद बंद झाले. एका टँकरमागे आमची गाडी रांगायला लागली तेव्हा आप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले,

"ह्यो रस्ता आमच्या गावचा हाय."

"असेल."

"क्यामेरा कुटं हाय?"

मी खिशातला मोबाईल दाखवला.

आप्पांनी मला पायापासून मिशीपर्यंत बघितलं. "इन्स्पेक्टर न्हव्हंस तू. चोर हायस, चोर! थांबव गाडी."

मी थांबवली नाही. त्यांनीही दार उघडलं नाही.

घर माळाच्या कडेला. पुढे झाडून सारवलेलं मोठं अंगण, एक कडुनिंब, आणि बुंध्याला टेकवून ठेवलेली जुनी लाकडी पाभर. तिच्यावर कोंबड्या बसलेल्या. दारात एक उंच म्हातारी, हिरवं लुगडं, कानाशी मोबाईल. तिला ऐकायला कमी येत असावं, कारण मोबाईलमधल्या मालिकेतली बायका-माणसं आम्हाला रस्त्यावर ऐकू येत होती.

तिने आमच्याकडे पाहिलं. आधी आप्पांकडे नाही, माझ्याकडे.

"ह्यो पोलीस न्हवं का? ह्यो आला म्हंजी कोन मेलं?"

मग आप्पांकडे वळून तिने मोबाईल बंद केला. कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या.

"बारो तम्मा," ती म्हणाली. तिचं सासर सीमेपलीकडचं कानडी, पण ती केव्हाच माहेरी येऊन राहिलेली. बारो म्हणजे ये, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "किती येळा मरतूस रं? लाज न्हाई वाटत?"

आप्पांनी घसा साफ केला.

"तू बगतीस व्हय मालिका?"

"म्हनं बगतीस व्हय!" अक्का पायरीवर बसली. "पहिल्या खेपंला मला कुनी सांगितलंच न्हाई, ह्ये खोटं असतंय. शेजारची पोरगी बोलवाय आली, तुमचा भाऊ टीवीत हाय. बगाय जात्ये तर तू आडवा. नाकात कापूस. मी त्या दिशी चूल पेटवली न्हाई, तम्मा. बसून ऱ्हायले. पुन्ना पोरीनं मोबाईलवर लावून दिलं, पुन्ना बगितलं. आन् बगता बगता तुजा अंगठा हालला."

मी आप्पांकडे पाहिलं. सगळ्या दिग्दर्शकांच्या इतक्या आरडाओरड्यातून एक अंगठा कुठेतरी निसटला होता आणि जतपर्यंत पोचला होता.

"मी म्हनलं, मेला न्हाई. वाजाप कानावर पडलं की ह्येचा अंगठा पाळन्यात असल्यापासनं हालतोय. मग उठले आन् भाकरी टाकली."

आप्पा खाली बसले. मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता मिठी, आता अश्रू, आता मी मोबाईल काढतो. पण ही माणसं माझ्या मालिकेतली नव्हती.

"पर शबूद पाखरच हाय," आप्पा म्हणाले.

"पाभर!" अक्का कडाडली. कोंबड्या उडाल्या.

"बाप पाखरच म्हनायचा! मी माज्या कानानं ऐकलंय!"

"कुटं ऐकलंस? सांग, कुटं व्हतास तू?" अक्का उठून उभी राहिली. "पाभर बा हाकायचा. आई गेल्यापासनं चाडं माज्याकडं." चाडं म्हणजे पाभरीवरची लाकडी वाटी. तिच्यात मूठमूठ दाणे सोडत बाईमाणसाने मागून चालायचं. "सारं रान मी त्येच्या मागं चालले. माज्याम्होरं बा आन् पाभर, दुसरं काय? मला त्योच शबूद आला. आन् तू? तू कुटं व्हतास?"

उत्तरही तिनेच दिलं.

"झोळीत! बाभळीला बांदलेल्या झोळीत पडून व्हतास. ऊन आलं की बा औत थांबवून यायचा आन् आपलं घोंगडं तुज्यावर टाकायचा. त्ये टाकताना बी गातच असायचा." तिचा आवाज एकदम उतरला. ती जणू आपलंच बोलणं पहिल्यांदा ऐकत होती. "तुला त्ये घोंगडंच ऐकू आलं असंल, तम्मा."

कडुनिंबाची सावली अंगणात हलत होती. आप्पांनी तिच्याकडे बघत बघत मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं. "चाडं हाय का गं अजून?"

ती आत गेली. चाडं आणलं, त्यातल्या केसांच्या फण्या आणि आकडे पदरात ओतले आणि कणगीतली ज्वारी भरली. आप्पांनी पाभर बुंध्यापासून ओढून उभी केली. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी शिरवळला पाहिली होती.

"नाही हं आप्पा," मी म्हणालो.

"इन्स्पेक्टर, जिवंत मानसाचं काम हाय म्हनलावतास. ये. जू घे खांद्यावर."

अशा रीतीने साताऱ्याचा हा इन्स्पेक्टर जतच्या अंगणात बैल झाला. मोबाईल गाडीच्या टपावर राहिला. जू मानेवर घेऊन मी ओढायला लागलो. पाभरीचे फण मातीत करकरले. मागून आप्पांचा आवाज उठला, 'माळाच्या माथ्याला'. एवढ्या वर्षांत तो आवाज मी समोरून ऐकला होता. पाठीमागून तो निराळाच लागतो. तो ढकलत नाही. तो तुमचं ओझं थोडं स्वतःकडे घेतो.

मग ती शेपटी आली, दोघांनी एकदम म्हणायची. मी कान टवकारले.

आप्पा म्हणाले, 'आली बापाची पाभर'.

अक्का म्हणाली, 'आली बापाची पाखर'.

फण थांबले. मला मागे बघता येत नव्हतं, मानेवर जू होतं.

"आगं, तू पाखर का म्हनलीस?"

"तू पाभर का म्हनलास?"

"तुज्यासाठी म्हनलो!"

"मग मी काय ह्या पोलिसासाठी म्हनले व्हय?"

दोघंही म्हातारी अशी हसायला लागली की अक्काच्या हातातली ज्वारी सांडली आणि कोंबड्यांची दिवाळी झाली. हसता हसता अक्काने पदराने डोळे पुसले आणि न थांबता दुसरी ओळ म्हटली. मग तिसऱ्या कडव्याची. मग मधल्याची. आप्पांची हरवलेली एकेक ओळ मागून येत होती आणि प्रत्येक ओळीला ते नुसतं "व्हय, व्हय, व्हय" म्हणत होते.

आप्पा त्यानंतर साताऱ्याला राहायला आलेच नाहीत. गिरणीमागचं सामान मीच गाडीत घालून पोचवलं. ऐकतो की अंगणात अजूनही रोज भांडण असतं आणि रोज गाणं असतं. इकडे मालिकांत नवी प्रेतं येतात. चांगली असतात, अजिबात हलत नाहीत. पण ती नुसतीच मेलेली असतात.

त्या दुपारी मात्र अंगणाच्या टोकाला पोचल्यावर मी जू खाली ठेवायला गेलो, तर मागून आप्पा गरजले, "थांब रं! आता पुन्ना पहिल्यापासनं, ज्याचा शबूद त्येच्या तोंडात." मला वळवलं. घाम डोळ्यांत गेला होता, टोपी पडली होती, इन्स्पेक्टरपण केव्हाच संपलं होतं. मागे आवाज उठला. 'माळाच्या माथ्याला आली बापाची', आणि मग पाखर आणि पाभर दोन्ही एकदम, एकमेकांत अशी मिसळून की कुठली कुणाची ते ब्रह्मदेवाला कळू नये.

आणि शपथेवर सांगतो, माझे कान हलले.